ऊसतोड मुलांच्या शाळेवर प्रकल्प करताना

शिक्षणाच्या समाजशास्त्राचा प्रकल्प सांगली-साताऱ्यात करणार असाल, तर ऊसतोड मजुरांच्या मुलांचा विषय घ्या. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी दिवाळीआधीच काढा.

फसगत होते ती पटाच्या आकड्यांत. मूल बीडकडच्या गावी पटावर असतं आणि इथे कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळत असतं. म्हणून हजेरीपट पाहा, १०-१२ कोप्यांवर जाऊन मुलं स्वतः मोजा. पालक पहाटेच फडात जातात, तेव्हा संध्याकाळी भेटा. ‘शाळेत का घालत नाही?’ हा प्रश्न आरोप वाटतो. ‘काल दिवसभर पोरगं कुठं होतं?’ असं विचारा. मुलांची नावं वहीत नकोतच. विश्लेषणात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बुर्द्यूच्या सांस्कृतिक भांडवलाकडे (घरातून मिळणारी भाषा, ज्ञान, सवयी) धावण्याआधी उचल, म्हणजे मजुरांनी घेतलेली आगाऊ रक्कम, समजून घ्या: ती फिटेपर्यंत कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी, बांधलेली असते.