तास रेकॉर्ड करताना: नव्या प्राध्यापकांसाठी काही अनुभव

विद्यापीठात नव्यानं शिकवायला लागलेले सहकारी रेकॉर्डिंगची गोष्ट निघाली की कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. कोणता घ्यावा, उजेड कुठून यावा, मागे पडदा लावावा का. मी त्यांना आधी एवढंच विचारतो, तुमच्या विषयात विद्यार्थी कुठे अडतात आणि ‘परत एकदा सांगा ना’ म्हणतात? ती जागा सापडली की काय रेकॉर्ड करायचं ते ठरलंच. सिद्धतेतली एखादी पायरी, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणं, परक्या भाषेतला अवघड उच्चार, सॉफ्टवेअरमधली किचकट क्रिया. वर्गात हे एकदाच घडतं आणि मागच्या बाकावरच्याच्या हातून निसटतं. रेकॉर्डिंग थांबवता येतं, मागे नेता येतं. व्याख्या, याद्या, सनावळ्या यासाठी छापील टिपणच बरं, ते चाळता तरी येतं.

पूर्ण तास रेकॉर्ड करून ठेवायलाही माझा विरोध नाही. आजारी पडलेल्याला, परक्या भाषेतून शिकणाऱ्याला त्याचा आधार होतो. पण सोबत मिनिटवार अनुक्रमणिका द्या, ‘१२:४०, दुसरं उदाहरण’ अशी. नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी पट्टी पुढेमागे सरकवत बसतो.

लांबी किती असावी, हा प्रश्न हमखास येतो. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख पाहण्याची सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याचा मध्यक काळ (निम्मे त्याहून कमी, निम्मे जास्त पाहतात असा) ६ मिनिटांच्या पुढे गेला नाही. मात्र ते विद्यार्थी खुल्या ऑनलाइन वर्गातले, स्वखुशीनं आलेले होते. आपल्यासमोरचा विद्यार्थी परीक्षेला बांधलेला असतो, म्हणून ६ मिनिटं हा काही कायदा समजू नका. मला त्या अभ्यासातल्या बाकीच्या गोष्टी जास्त कामाच्या वाटतात. वर्गातल्या लांब व्याख्यानाचे नुसते तुकडे पाडले तर ते तितकेसे धरून ठेवत नाहीत, छोट्या व्हिडिओची आखणीच वेगळी करावी लागते. खर्चिक स्टुडिओपेक्षा टेबलाशी बसून बोलणारा शिक्षक लोकांना जवळचा वाटला. आणि तयार स्लाइडपेक्षा टॅब्लेटवर हातानं लिहीत जाणं सरस ठरलं. गणित-भौतिकवाल्यांनी हे जरूर करून पाहावं, कारण लिहिण्याचा वेग आपोआप समजण्याच्या वेगाजवळ येतो.

आता आवाज. चित्र थोडं धूसर असलं तर विद्यार्थी सांभाळून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. पैसे थोडेच असतील तर ते माइकवर घाला. साधा कॉलरचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर लावला, पंखा बंद केला आणि पडदे-पुस्तकं असलेल्या खोलीत बसलात, की निम्मं काम झालं. रिकाम्या वर्गात भिंती बोलतात, तिथे बसू नका. सुरुवातीला काही सेकंद गप्प राहायची सवय लावा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरला खोलीचा आवाज कोणता हे त्या शांततेवरूनच दाखवता येतं, आणि मग ते तो सगळीकडून कमी करतं. मिनिटभराची चाचणी घेऊन ती आधी हेडफोनवर आणि मग फोनच्या स्पीकरवर ऐका. बरेच विद्यार्थी फोनवरच ऐकतात.

स्लाइडवर आख्खी वाक्यं लिहून तीच वाचून दाखवू नका. मल्टिमीडिया शिक्षणावर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या रिचर्ड मेयर यांचं हे आवडतं सूत्र: चित्र आणि बोलणं जुळतं, त्यावर तेच शब्द पुन्हा छापले की अडथळा होतो. सबटायटल्स मात्र हवीतच, कारण ज्याला गरज असेल तो ती चालू करू शकतो. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ती अगदी प्राथमिक पातळीवर मागितली आहेत. यंत्रानं केलेली सबटायटल्स नेमक्या पारिभाषिक शब्दांवर घसरतात. सबटायटल्स ज्यात साठवतात ती एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करा.

नुसत्या ऑडिओकडे मात्र फारसं कुणी वळत नाही, याचं मला नवल वाटतं. निबंधावर समासात ‘अस्पष्ट’ असं खरडण्याऐवजी दोन-तीन मिनिटं बोलून पाठवा. पहिल्यांदा बदलण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट पान क्रमांकासकट सांगा, बारीकसारीक चुका शेवटी. लाल शाईत जे टोचतं ते बोलण्यात समजुतीचं वाटतं. फाइलही हलकी असते: मोनो एमपी-थ्री, सेकंदाला ६४ किलोबिट या दरानं १० मिनिटांचं रेकॉर्डिंग ५ एमबीच्या आतच बसतं.

व्हिडिओच्या मध्येमध्ये प्रश्न घाला. मानसशास्त्रज्ञ कार्ल स्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राच्या रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचे चार भाग करून मध्ये छोट्या चाचण्या ठेवल्या, तेव्हा विद्यार्थ्यांचं भरकटणं कमी झालं, टिपणं वाढली आणि शेवटच्या परीक्षेत ते सरस ठरले. प्रश्न कठीण नको, उत्तर आठवावं लागेल एवढाच हवा.

बोलताना ‘मागच्या सोमवारी’, ‘पुढच्या गृहपाठात’ असे शब्द टाळा, म्हणजे तीच फाइल पुढच्या वर्षी चालते. तारखा आणि सूचना अभ्यासक्रमाच्या पानावर लिहा. दुसऱ्याची चित्रं किंवा फिती घेताना परवाना बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्यांच्या खुणेत ‘एनडी’ असेल तर बदल करून पुढे वाटायची मुभा नसते, ‘बाय’ असेल तर कर्त्याचं नाव द्यावंच लागतं.

विद्यार्थ्यांचे आवाज किंवा चेहरे येणार असतील तर आधी विचारा, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. परवानगी मिळाली तरी एक अडचण उरते. लाल दिवा दिसला की अर्धवट विचार बोलून दाखवायला कुणी धजावत नाही, आणि चर्चा तर अर्धवट विचारांवरच चालते. म्हणून चर्चेचे तास मी रेकॉर्ड करत नाही, गैरहजर राहिलेल्यांसाठी नंतर पाच मिनिटांचा ऑडिओ करून टाकतो.