पावसाळ्यानंतर एटीव्ही सुरू होत नाही? आधी बरणीत पेट्रोल काढून बघा

दिवाळी जवळ आली की आमच्या अलिबाग-मुरूड पट्ट्यात एक आवाज हमखास ऐकू येतो: सेल्फ मारून मारून थकलेल्या बॅटरीचा. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या एटीव्ही (जाड टायरच्या, हँडलने वळवायच्या चारचाकी गाड्या) बाहेर निघतात, आणि त्यातल्या निम्म्या नुसत्या कण्हतात. माझ्याकडेही एक आहे. जुनी, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), वाडीतले नारळ ओढायला आणि सुट्टीत आलेल्या भाचरांना फिरवायला घेतलेली.

आपल्याकडे बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसते. त्यामुळे ही गाडी पंपावर जात नाही, पेट्रोल तिच्याकडे येतं. कॅन शेडच्या कोपऱ्यात, झाकण धड लावलेलं नाही, आणि कोकणातली दमट हवा. बिघाड बऱ्याचदा तिथे सुरू होतो. पण गाडी अडली की पहिला पाना पडतो तो कार्बोरेटरवर. मी म्हणतो, पेट्रोल ज्या वाटेने इंजिनापर्यंत जातं त्याच वाटेने आपणही जावं: टाकी, झाकण, कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी), पाइप, फिल्टर, आणि मग कार्बोरेटर.

काम उघड्यावर करा, शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचून राहते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. इंजिन थंड हवं. विडी-सिगारेट, चालू पंखा, हॅलोजन जवळ नको. वाळूची बादली आणि जमल्यास आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा. स्पार्क बघून झाला की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

मुळात दोष पेट्रोलचाच आहे का?

आधी हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल किल स्विच बघा. लहान मुलांच्या एटीव्हीला मागे एक दोरी असते. ती निसटली की इंजिन बंद होतं आणि सुरू होत नाही. हसू नका, या दोरीपायी टेम्पोत घालून गॅरेजला नेलेली गाडी मी पाहिली आहे.

मग आठ-दहा वेळा सेल्फ मारून स्पार्क प्लग काढा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल आत पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण स्पार्क नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. काळी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. अशा वेळी एअर फिल्टर उघडून बघा, चार महिन्यांत तिथे उंदराने संसार थाटलेला असू शकतो. स्पार्क तपासताना प्लगच्या भोकावर जाड फडकं दाबून बसवा आणि प्लग भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून धरा. भोकातून उडणारी पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांची भेट होऊ द्यायची नाही.

स्पार्क चांगला आहे आणि प्लग कोरडा, तर अर्धा चमचा ताजं पेट्रोल प्लगच्या भोकात टाका, प्लग परत बसवा, बॅटरी जोडा आणि सेल्फ मारा. दोन-तीन सेकंद गुरगुरून गाडी बंद पडली तर इंजिन ठीक आहे. पेट्रोल वाटेत कुठेतरी अडलं आहे.

बरणीची परीक्षा

लोणच्याची किंवा मधाची, पण स्वच्छ, कोरडी आणि पारदर्शक काचेची बरणी घ्या. टाकीच्या तळातलं पेट्रोल त्यात काढा, कारण वरचं पेट्रोल फसवतं. पंधरा-वीस मिनिटं बरणी हलवू नका. मग उजेडात धरा.

तळाशी वेगळा थर किंवा बुडबुड्यांसारखे गोळे दिसले तर पाणी आहे. ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशात मिळू लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला पाणी फार प्रिय. थोडं पाणी ते पोटात घेऊन गुपचूप राहतं, पण मर्यादा ओलांडली की पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फारकत घेतं आणि तळाशी बसतं. तळ म्हणजे रिझर्व्हची नळी जिथून पेट्रोल उचलते तीच जागा. गाडी मेनवर चालते आणि रिझर्व्हवर घेतल्यावर बंद पडते, त्याचं हे एक सरळ कारण आहे.

वासही घ्या, पण बरणीत नाक न खुपसता. ताजं पेट्रोल नाकात झणझणतं. जुन्याला रोगणासारखा, आंबूस वास येतो आणि रंग गडद होतो.

खराब निघालं तर कापडाने गाळून परत वापरायचा मोह होतो. मीही केला आहे. कापडाने कचरा थांबतो, इथेनॉलमध्ये विरलेलं पाणी थांबत नाही. ताज्यात मिसळून ‘संपवून टाकू’ हाही विचार सोडा. सगळी टाकी रिकामी करा, दोन कप ताजं पेट्रोल घालून खळबळा आणि तेही काढा. हे पेट्रोल वाडीत, विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, जिथे जुनं ऑइल गोळा करतात अशा गॅरेजमध्ये द्या.

झाकण: सगळ्यात स्वस्त बिघाड

इथे माझीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी झकास सुरू व्हायची, दहा-बारा मिनिटं चालायची आणि दम कोंडल्यासारखी बंद पडायची. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. कार्बोरेटर तीनदा खोलला. मेकॅनिकने मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) बदलला, ठिणगी देणाऱ्या कॉइलवर संशय घेतला, मीही मान डोलावत पैसे मोजले. शेवटी एकदा चिडून टाकीचं झाकण उघडलं तर ‘फुस्स’ आवाज झाला आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली.

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं, किंवा झाकणातून एक पातळ नळी निघून हँडलच्या मधोमध खोचलेली असते. माझ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. खऱ्या दुरुस्तीचा खर्च शून्य, मनस्ताप तीन महिन्यांचा.

हे तपासायचं सोपं: गाडी बंद पडली की लगेच झाकण सैल करा. हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लागली, तर नळी फुंकून मोकळी करा. झाकण सैल ठेवून चालवणं हा इलाज नव्हे, चढावर पेट्रोल थेट गरम इंजिनावर सांडेल.

कॉक, पाइप, फिल्टर

कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक काढून बरणीत धरा आणि कॉक उघडा. साध्या कॉकमधून सलग धार यायला हवी. थेंब-थेंब येत असेल तर फिल्टरच्या आधीच्या टोकाला तपासा, म्हणजे अडथळा फिल्टरमध्ये आहे की कॉकच्या जाळीत हे कळेल. कागदी फिल्टर पाण्याने फुगला की निकामी होतो. तो धुवू नका, नवा लावा, आणि बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवा. रबरी पाइप दोन बोटांत दाबून बघा. आतून भुगा सुटत असेल तर तोही बदला, नाहीतर नवीन फिल्टर महिन्यात भरेल.

काही गाड्यांत व्हॅक्यूमवर, म्हणजे चालू इंजिनाच्या हवा ओढण्यावर, उघडणारा कॉक असतो, त्याला दुसरी बारीक नळी जोडलेली दिसेल. इंजिन बंद असताना त्यातून ऑनवर पेट्रोल येत नाही. तो बिघाड नाही. खटका ‘पीआरआय’वर असेल तर पेट्रोल सरळ वाहतं. औषधाच्या सिरिंजने बारीक नळीतून हलकेच हवा ओढा, पेट्रोल सुरू व्हायला हवं. सिरिंजमध्येच पेट्रोल आलं तर आतला पडदा फाटला आहे, आणि तेच पेट्रोल इंजिनातही जात असणार.

आता कार्बोरेटर

खोलण्याआधी खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बरणीत घ्या. काही निघालंच नाही तर फ्लोटची निडल (वाटीत पेट्रोल सोडणारी-थांबवणारी सुई) चिकटली आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलक्या दोन टिचक्या मारल्यावर ती सुटल्याचं मी कितीदा पाहिलं आहे. उलट, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतच राहिलं तर निडलखाली कचरा आहे किंवा तिचं टोक झिजलं आहे. ही गळती दिसली की इंजिन ऑइलची पातळी आधी बघा. ऑइल वाढलेलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर ते बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही.

कोणता जेट बुजला आहे ते लक्षणांवरून कळतं. चोक ओढल्यावरच गाडी चालते आणि स्लोला टिकत नाही, तर स्लो जेट बुजला आहे. स्लोला छान, पण रेस दिली की खोकते, तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा.

खोलताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, उजेडाकडे धरून गोल दिसलं पाहिजे. त्यात सुई किंवा पोलादी तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक कायमचं मोठं होतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक तंतू, कार्ब क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरते. क्लीनर मारण्याआधी रबरी रिंग आणि पडदे बाजूला काढा, आणि डोळ्यांवर चष्मा घाला. तो फवारा दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो.

एक आडवळणाची गोष्ट. किनाऱ्यावर नीट चालणारी गाडी महाबळेश्वरला नेली तर तिथल्या विरळ हवेत ती काळा धूर काढू शकते. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी मिळते. तो बिघाड नाही, त्यासाठी कार्बोरेटर खोलू नका. तिथेच कायम ठेवायची असेल तरच जेट लहान करायचा.

इंजेक्शनवाली गाडी असेल तर

हिच्यात कार्बोरेटर नसतो, पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारलं जातं. चावी ऑन केल्यावर टाकीजवळ दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ ऐकू यायला हवं. तो पंप. आवाज नसेल तर फ्यूज, मग रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग कनेक्टर. शेजारच्या सॉकेटमध्ये तसाच रिले असेल तर अदलाबदल करून बघता येतं. वायर उंदराने कुरतडली नाही ना, तेही पाहा. गाडी उलटली होती का? बऱ्याच मॉडेलांत तिरकेपणा ओळखणारा सेन्सर पंप बंद करतो, गाडी सरळ करून चावी बंद-चालू केली की पुन्हा सुरू होतो. पंप वाजतो पण गाडी लागत नाही, तर दाब मोजायला गेज लागतो. पाइपमध्ये दाबाखाली पेट्रोल असतं, घरी उपटायला जाऊ नका, मेकॅनिककडे द्या. झाकणाची हवा आणि बरणीची परीक्षा मात्र इथेही तशीच.

पुढच्या पावसाळ्याआधी

मे संपताना कार्बोरेटरवाल्या गाडीची टाकी रिकामी करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढा. इंजेक्शनवाल्या गाडीत पंप कोरडा ठेवायचा नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरा, पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. झाकणाच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळीचा तुकडा बांधा. आणि कॅनवर मार्करने पेट्रोल भरल्याची तारीख लिहा. माझ्या शेडमध्ये महिना उलटलेलं पेट्रोल एटीव्हीत जात नाही.