विहिरीत पोहणाऱ्यांनी समुद्रात उतरण्याआधी

आपल्याकडची, म्हणजे लातूर, बीड, परभणीकडची बरीच मंडळी पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून. त्यामुळे सुट्टीत मालवणला किंवा अंदमानला जायचं ठरलं की कुणीतरी म्हणतंच, "आपल्याला पोहता येतं, त्या स्कूबाचं काय एवढं!" स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जाणं. पण पहिल्या डायव्हला, म्हणजे बुडीला, पोहणं फारसं लागतच नाही. प्रशिक्षक सोबत असतो आणि पोहता न येणारेही उतरतात. लागतो तो श्वास, लागतात धड कान आणि लागतो परतीच्या प्रवासाचा विचार. तयारी याच तीन गोष्टींची करायची. बाकी सामान तिथे मिळतं.

श्वासाची तयारी महिनाभर आधी सुरू करा. विहिरीत सूर मारताना छाती भरून दम धरायचा, ही सवय अंगात मुरलेली असते आणि स्कूबात तीच मोडायची असते. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं सगळेच समजतात. त्यात असते दाबून भरलेली साधी, गाळलेली हवा. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा दम धरून वर आणली, तर तिला वर येईपर्यंत दुप्पट जागा लागते आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. अगदी एक-दीड मीटर वर येतानाही इजा होऊ शकते. म्हणून पाण्याखाली दम धरायचा नाही, श्वास हळू आणि सतत चालू ठेवायचा. घरी बसल्या बसल्या नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्या, सोडताना जास्त वेळ लावा. ते जमलं की स्नॉर्केल (तोंडाने श्वास घ्यायची वाकडी नळी) तोंडात धरून बादलीत तोंड घाला. नाकाला पाणी लागलं की आधी जीव घाबरा होतो, श्वास अडकतो. तो घाबरेपणा घरच्या बादलीतच जिरवून टाकलेला बरा.

कानांसाठी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. मळ साचलाय का, पडद्याला छिद्र आहे का, एवढं पाहून घ्यायचं. लहानपणी कान वाहत असेल तर ही भेट अजिबात टाळू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही, आणि गरोदरपणात तर मुळीच नाही. किनाऱ्यावर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. मागे रांग लागलेली असते म्हणून सगळ्या प्रश्नांपुढे डोळे झाकून 'नाही' लिहू नका. सर्दी झाली तर डायव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं धोक्याचं, कारण तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर अडकलेली हवा वर येताना निघत नाही आणि कान ठणकतो.

कानांचा सराव करायला घाट उत्तम. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना कानाला दडे बसतात. तेव्हा नाक दाबून, तोंड मिटून, अगदी हलकेच फुंकर मारायची, की कान मोकळे होतात. हेच पाण्यात करायचं, फक्त फार लवकर लवकर. सहाशे मीटरचा घाट उतरून दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा समुद्रात पाऊण मीटरच्या आतच पडतो. त्यामुळे दुखायची वाट न पाहता पहिल्या हातभर खोलीपासूनच फुंकर सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरला करत राहा. तरी दुखलंच तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं.

तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी ढवळून निघतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्यामानाने निवांत. पावसाळ्यात मालवणचा समुद्र पर्यटकांसाठी बंदच असतो, आणि मे महिन्याच्या शेवटी तो खवळायला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. वेळ सकाळचीच घ्या, दुपारी वारा सुटतो. अंदमानात पाणी अधिक नितळ असतं, मालवणला तेवढ्या नितळपणाची अपेक्षा ठेवू नका.

आता मिशा. मास्कमध्ये, म्हणजे तोंडावर लावायच्या काचेच्या मुखवट्यात, डोळ्यांसोबत नाकही असतं आणि त्याची रबरी कड वरच्या ओठावर टेकते. झुपकेदार मिशांमधून तिथे पाणी झिरपतं. मिशा काढायच्या नसतील तर नाकाखालचा पट्टा बारीक करा आणि वर व्हॅसलीन चोपडा. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळेल का, हे आधीच फोनवर विचारावं. मऊ लेन्स चालतात, पण पाण्यात मास्क काढायचा नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात. किळस येत असेल तर लहान मुलांचा शाम्पू न्या.

पाणी २७-२८ अंशांचं, उबदार असतं. तरी हवेपेक्षा पाण्यात अंगाची ऊब फार लवकर जाते, म्हणून लांब बाह्यांचा घट्ट टी-शर्ट हवाच. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, त्यामुळे माणूस जास्त तरंगतो आणि कमरेला शिशाची वजनं बांधतात. ती जड लागली म्हणून कुरकुर करू नका.

आदल्या रात्री दारू नको, जागरण नको. रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी थेट बोटीत चढण्याचा बेत आखू नका, एक मुक्काम मध्ये ठेवा. डब्यातले धपाटे आणि ठेचा प्रवासातच संपवा. डायव्हच्या सकाळी वाटीभर मुरमुऱ्यांची सुशीला किंवा केळं, आणि पाणी भरपूर. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी तासभर आधी घ्या.

बोटीत चढण्याआधी चार गोष्टी विचारा: प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, एका प्रशिक्षकाकडे किती जण, किती खोल नेणार, अडीनडीला द्यायला बोटीवर ऑक्सिजन आहे का. पहिल्या डायव्हला १२ मीटरच्या खाली कुणी नेत असेल तर नको म्हणा. खुणा पाठ करा. आपण सगळ्याला अंगठा दाखवतो, पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. मजेत आहात म्हणून अंगठा दाखवलात तर प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन येईल. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दुखत असेल तर पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवायचं.

राहिली परत निघायची घाई. पाण्याखालच्या दाबाने हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. एका डायव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास आणि लागोपाठ डायव्ह केले असतील तर १८ तास थांबावं, असा नियम आहे. अंदमानहून परतताना शेवटचा दिवस कोरडा ठेवा म्हणजे झालं. पण सहाशे मीटरहून उंच जाणाऱ्या घाटरस्त्यालाही हाच हिशोब धरतात, हे कुणी सांगत नाही. आंबोली त्याहून उंच आहे, आणि आपलं गाव पठारावर. उथळ, पाऊण तासाच्या आतल्या एका डायव्हला धोका कमी, तरीही दुपारी डायव्ह आणि संध्याकाळी घाट असं करू नका. रात्र मालवणातच काढा, सुरमई खा, गाडीवाल्याला सकाळची वेळ द्या. पुढच्या दिवसभरात सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, तर गावी पोहोचायची वाट न पाहता वाटेतल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि आपण स्कूबा केलंय हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.