सतापाची छाटणी ऊन उतरल्यावरच करा

दसरा झाला, पाऊस उघडला की सताप, रोझमेरी, सेज, थाईम यांची छाटणी आणि फाटे लावायची कामं एकदमच अंगावर येतात. ही सगळी भूमध्य समुद्राकाठची झाडं. इटली-ग्रीसच्या चुनखडीच्या, दगडगोट्यांच्या उतारावर वाढलेली. कोरडा उन्हाळा सोसतात, मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाहीत. काळ्या रानात ऐन पावसाळ्यात ही झाडं वरून वाळायला लागतात, तेव्हा तहानेली समजून पाणी घालू नका, बहुतेक वेळा ती मूळकूज असते. आताच्या लावणीला गादीवाफा चांगला वीतभर उंच घ्या, मुरूम किंवा जाड वाळू सढळ हातानं मिसळा आणि जागा दिवसभर उन्हाची निवडा.

फाटा यंदाच्या वाढीचा, अजून पुरता लाकूड न झालेला, बोटभर लांबीचा घ्यावा. खालच्या निम्म्या भागाची पानं काढून कोकोपीट आणि वाळूत खोचा, सावलीत ठेवा. रोझमेरीला मुळं फुटायला सहा-आठ आठवडेही लागतात, तोवर उपटून बघण्याचा मोह आवरा. लव्हेंडर मात्र जम्मूतल्या भद्रवाहसारख्या थंडीत खुलतं. आपल्या पठारावर कुंडीत हौस करा, एकरभर लावू नका.

आता सतापाविषयी. हे लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच. निळसर हिरव्या बारीक पानांचं, उग्र वासाचं हे झाड आपल्या परसात इतकं रुळलंय की ते बाहेरचं वाटतच नाही. अरबीत आणि फारसीत याला सदाब म्हणतात. साप फिरकू नये म्हणून आपल्याकडे ते दाराशी लावतात. इटलीत तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून सतापाच्या डहाळीच्या आकाराचा चांदीचा ताईत घालायची चाल होती. सतापावरचा विश्वास दोन्हीकडे सारखाच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या रोपवाटिकेत एका मावशींनी भर दुपारी, बाह्या वर सारून सताप छाटला. त्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत पाण्यानं भरलेल्या फोडांच्या रेघा होत्या, जिथे जिथे डहाळी घासली होती अगदी तिथेच. घरच्यांना नागीण वाटली, त्यांनी लेप लावला आणि आग आणखी वाढली. फोड बसले, पण काळे डाग चार महिने राहिले. छाटणी मीच सांगितली होती, बाह्या खाली घ्या म्हणायचं मात्र सुचलं नव्हतं.

सताप लिंबाच्या कुळातला आहे. त्याच्या रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. रस कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी इजा होते, आणि ती एक-दोन दिवसांनी दिसते, म्हणून कारण लक्षात येत नाही. लिंबाचा रस हाताला लागून उन्हात काम केलं तरी असंच होऊ शकतं. तेव्हा सतापाची छाटणी संध्याकाळी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे घालूनच करा. नंतर साबणानं हात धुवा आणि दोन दिवस तो भाग उन्हापासून झाका. फोड आलेच तर फोडू नका, लेप लावू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवताना ‘सताप छाटला होता’ हे आवर्जून सांगा.

पोटात घेण्याविषयी माझं मत ठाम आहे: घेऊ नये. पाळी आणण्यासाठी सताप देण्याची रीत भूमध्य काठावर दोन हजार वर्षांची आहे. पण जेवढ्या मात्रेनं गर्भाशय आखडतं, तेवढ्यानं यकृत आणि मूत्रपिंडही जाऊ शकतं. बायका यात दगावल्या आहेत. गरोदर बाईनं तर लांबच राहावं. सर्दी-कफासाठी तान्ह्या बाळाला सतापाचा रस चाटवायची आपल्याकडची सवयही सोडावी. आजीच्या मायेबद्दल शंका नाही, पण एका झाडाचा रस किती तीव्र उतरेल हे कुणालाच सांगता येत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. थाईममध्ये आपल्या ओव्यातलंच थायमॉल असतं, म्हणून युरोपात ते खोकल्यावर चालतं. सेजच्या काढ्यानं घसा दुखत असताना गुळण्या करतात, ते ठीक. पण त्यात थुजोन हे मज्जासंस्थेला बाधणारं द्रव्य असल्यानं रोज कपभर पिणं बरं नाही, फिट येणाऱ्यांनी टाळावं, आणि दूध आटवायला ते वापरत असल्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईनंही टाळावं. रोझमेरीचं पान जेवणात खुशाल वापरा. तेल मात्र वेगळी चीज आहे, त्यात कापूर असतो. ते प्यायचं नाही, लहान मुलांना लावायचं नाही. केसांना लावायचं तर मोठा चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब पुरे.

दिवाळीच्या बाजारात रोपं विकणार असाल तर सतापाच्या पिशवीला चिठ्ठी बांधा. आम्ही आता एवढंच लिहितो: ‘सताप. पोटात घेऊ नये. छाटताना हातमोजे घाला, ऊन टाळा. मुलांच्या हाताला लागेल अशा वाटेवर लावू नका.’