वर्गात कौतुक कुणाचं, कधी आणि किती

बक्षीस दिलं की मूल शिकतं, हा समज आधी बाजूला ठेवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ६६ मुलांना सुमारे पाच मिनिटांची एक फिल्म दाखवली. तीत एक माणूस हवा भरलेल्या बोबो बाहुलीला बदडतो. शेवटी त्याला एका गटाच्या फिल्ममध्ये खाऊ आणि शाबासकी मिळते, दुसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये मार आणि ओरडा, तिसऱ्यात काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल सर्वांत कमी केली. पण ‘त्याने काय केलं ते दाखव, रस आणि चित्रं देतो’ म्हटल्यावर हा फरक उरला नाही. सगळी मुलं सारखीच शिकली होती. शिकलेलं करून दाखवायचं की नाही, ते प्रबलनाने, म्हणजे त्या वागण्याचं काय फळ मिळतं त्याने, ठरलं.

म्हणून आधी तपासा: मुलाला येत नाही, की करावंसं वाटत नाही? एकट्याला बोलावून करून दाखवायला सांगा. येत नसेल तर बक्षिसाचा उपयोग नाही.

समजा, दुसरीच्या मुलांना खिचडीआधी साबणाने हात धुवायची सवय लावायची आहे. नमुना म्हणून वर्गातलंच, इतरांना आपल्यातलं वाटेल असं मूल घ्या. नळाजवळ एका वेळी पाच-सहाच मुलं उभी करा, मागच्यांना हात दिसत नाहीत. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, एकूण २० सेकंद. प्रत्येक टप्पा मोठ्याने बोलत करायचा. लगेच प्रत्येकाकडून करून घ्या.

कौतुक तिथल्या तिथे, इतरांना ऐकू जाईल असं आणि नेमकं: ‘बेचक्यांतही साबण लावलास, छान.’ नुसत्या ‘शाब्बास’वरून पाहणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. सुरुवातीला दर वेळी, सवय रुळली की अधूनमधून.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. रोज त्याच मुलीचं कौतुक झालं तर बाकीच्यांना ते डावलल्यासारखं वाटतं. पहिल्या काही दिवसांत प्रत्येकाच्या वाट्याला कौतुक यायला हवं. दुसरी चूक गप्प बसण्याची, आणि ती जास्त महागात पडते. बांडुरांच्या तिसऱ्या गटाने बक्षीस पाहिलेल्या गटाइतकीच नक्कल केली होती. हात न धुता कुणी ताट घेऊन बसला आणि कुणी काही बोललं नाही, तर पाहणाऱ्यांना ती मुभाच वाटते. त्याला न ओरडता नळाकडे परत पाठवा; चारचौघांत ओरडा खाणं हेही काही मुलांना लक्ष मिळाल्यासारखं वाटतं.

स्टिकर जपून. मुलं जे आवडीने करतात त्यावर आधीच बक्षीस जाहीर करू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट यांच्या प्रयोगात, प्रमाणपत्राचं आश्वासन मिळालेली चित्रवेडी मुलं पुढे कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांत ही घट दिसली नाही.

दोन-तीन आठवड्यांनी भिंतीवर मुलांच्या उंचीवर तक्ता लावा. हात धुतले की खूण मुलानेच करायची. अधूनमधून खुणा आणि नखं पडताळून पाहा.