आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन: घरी जाण्याआधी काय विचारून, लिहून घ्यावं

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं, टॅक्सी या धांदलीत सिस्टर पथ्य सांगतात आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं. म्हणून आदल्या दिवशीच्या राउंडला वही घेऊन हजर राहा. घरी काळजी घेणारी व्यक्तीच तिथे हवी, कारण रुग्ण औषधांच्या गुंगीत असतो.

पहिल्या पानावर चार उत्तरं लिहा: आतड्याचा कुठला भाग काढला, जोड (कापलेली टोकं शिवलेली जागा) कुठे आहे, स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर तो तात्पुरता की कायमचा, आणि रात्री दोन वाजता फोन कुठे करायचा. शेवटचं उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका. कार्डावर फक्त ओपीडीचा नंबर असेल, तर तो रात्री उपयोगाचा नाही.

जोड गळण्याचा धोका साधारण पहिल्या दहा दिवसांत जास्त, म्हणजे अनेकदा घरी आल्यावरच. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरेनहाइट) वर, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगून उलट्या, छातीत धडधड: यातलं काही दिसलं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. गोळीने ताप उतरतो, गळती चालूच राहते. एकाच पायाची पोटरी सुजली किंवा एकाएकी धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही लगेच हॉस्पिटल गाठा. गुठळी होऊ नये म्हणून काहींना पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं चार आठवड्यांपर्यंत देतात. बरं वाटतंय म्हणून ती मध्येच सोडू नका.

जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा: मऊ भात, मुगाचं वरण, दही, साल काढून शिजवलेला दुधी, अंडं. मक्याचे दाणे, शेंगदाणे, खोबरं, पालेभाजीचे देठ चार ते सहा आठवडे बाजूला ठेवा. भेटायला येणारे शक्तीसाठी सुकामेव्याचे लाडू आणतात. प्रेमाने आणलेले असले तरी आत्ता नकोत, विशेषतः स्टोमा असेल तर. न चावलेला तुकडा तिथे अडकतो.

स्टोमाची पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. जड झाली की प्लेट, म्हणजे कातडीला चिकटून पिशवी धरणारी चकती, ओढली जाते. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठं कापा. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी मापपट्टीने मोजा. जुन्याच मापाने कापलं की उघड्या कातडीला मल लागतो, कातडी सोलवटते, ओल्या कातडीवर प्लेट धरत नाही आणि गळती आणखी वाढते. कातडी कोमट पाण्याने पुसा. तेल, क्रीम, अँटिसेप्टिक नको. मुंबईच्या दमट हवेत कातडी पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबा, मग प्लेट लावून तळहाताने मिनिटभर दाबून धरा. सकाळी उपाशीपोटी बदललेली बरी, तेव्हा स्टोमा शांत असतो.

लहान आतड्याचा स्टोमा असेल, तर दिवसभरात पिशवीत जमलेलं मोजमापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. दीड लिटरच्या वर गेलं तर शरीरातलं मीठ निघून जातं. अशा वेळी नुसतं पाणी जास्त प्यायलं की पिशवी अधिकच भरते. नारळपाण्यातही सोडियम कमीच असतं. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच करा आणि हॉस्पिटलला कळवा.

गुदाशय काढून जोड खाली दिला असेल, तर शौचाला वारंवार, घाईने जावं लागतं. साठवणारी जागाच गेलेली असते. बऱ्याच जणांना हळूहळू, वर्षभरात फरक पडतो. हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस आजार परत आला म्हणून धास्तावतो, घराबाहेर पडणंच सोडतो. पुन्हा कामाला निघाल्यावर लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर रुग्णांनाही जागा आहे. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा.

उरला पॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल. कधी, कुठल्या खिडकीवर मिळणार ते लिहून घ्या. त्यात किती लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या (किमान १२ अपेक्षित) आणि कितींत कॅन्सर सापडला ते पाहा. केमो लागणार असेल, तर ती ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, म्हणून रिपोर्ट हातात आल्या दिवशीच डॉक्टरांची वेळ घ्या.