प्रोजेक्टरच्या खिडकीसाठी काच कशी निवडावी

प्रोजेक्टर शेजारच्या खोलीत किंवा बंद पेटीत ठेवला की पंख्याची घरघर थांबते, पण प्रकाशाला वाट करून द्यावी लागते आणि त्या वाटेत काच येते. काच किती उजेड खाते, हाच प्रश्न बहुतेकांना पडतो. साध्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के, म्हणजे एकूण ८ टक्के प्रकाश परत फिरतो. चित्र तेवढ्याने मंद झालेलं चटकन लक्षातही येत नाही. त्रास होतो तो परत फिरलेल्या प्रकाशाचा. तो लेन्सवर आदळून पुन्हा पडद्याकडे निघतो, काळा रंग राखाडी करतो आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांमागे फिकट जुळी अक्षरं उमटवतो. काच निवडताना हे परावर्तन कसं मारायचं, हे आधी पाहायचं. बाकी सगळं त्यानंतर.

१. माप काढा

लेन्स काचेच्या जितकी जवळ, तितकी काच लहान लागते. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, त्याच्या माहितीपुस्तिकेत असतो. झूम बदलणार असाल तर त्यातला सर्वांत लहान आकडा धरा.

काचेची रुंदी = लेन्सचा व्यास + (लेन्स ते काच अंतर ÷ थ्रो रेशो)

लेन्स ६० मिलिमीटरची, काच १०० मिलिमीटरवर आणि थ्रो रेशो १.५ असेल, तर रुंदी १२७ मिलिमीटर येते. १६:९ चित्रासाठी कंसातल्या भागाकाराला ९/१६ ने गुणून लेन्सचा व्यास मिळवला की उंची सुमारे ९८ मिलिमीटर. चारही बाजूंनी २५ मिलिमीटर जास्त घ्या. लेन्स शिफ्ट, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवायची सोय, वापरत असाल तर झोत सरळ न जाता वर किंवा खाली वळतो. वरच्याच उदाहरणात उभा शिफ्ट चित्राच्या उंचीच्या ६० टक्के असेल तर झोताचा मध्य काचेपाशी २२ मिलिमीटर सरकतो. भिंतीतलं भोकही तेवढं सरकवा, नाहीतर चित्राचा एक काठ कापला जाईल.

२. काचेचा प्रकार ठरवा

दोन्ही बाजूंना अँटी-रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे परावर्तन कमी करणारं, कोटिंग असलेली लो-आयर्न काच घ्या. तिचं एकूण परावर्तन १ टक्क्याच्या आसपास राहतं. काचेत लोह कमी असल्याने साध्या काचेची हिरवट झाकही येत नाही. चित्रांच्या चौकटींसाठी मिळणारी अशी २ ते ३ मिलिमीटर जाडीची काच छोट्या खिडकीला पुरते. इथे एक मोठी फसगत होते: 'नॉन-ग्लेअर' किंवा 'अँटी-ग्लेअर' नावाची काच बऱ्याचदा ॲसिडने खरखरीत केलेली असते. ती परावर्तन कमी करत नाही, नुसतं पसरवते. लेन्ससमोर धरली की चित्र धूसर झालंच.

टफन्ड काच टाळा. तापवून झपाट्याने गार करताना तिच्यात ताण आणि बारीक लाटा राहतात. एलसीडी प्रोजेक्टरचा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, त्यामुळे त्या ताणाचे पट्टे रंगाच्या डागांसारखे दिसू शकतात. पॉलिकार्बोनेटचंही तेच. ॲक्रिलिकवर चरे लवकर पडतात आणि स्थिर विजेमुळे धूळ चिकटते. उष्णतारोधक कोटिंगची खिडकीची काच तर नकोच: रंग बदलतो, शिवाय रिमोटचा सिग्नलही अडू शकतो.

३. नमुना तपासा

काच तिरपी धरून तिच्यात पेटत्या बल्बचं प्रतिबिंब पाहा. साध्या काचेत दोन लखलखीत पांढरी प्रतिबिंबं दिसतात. एक पांढरं आणि एक जांभळट किंवा हिरवट दिसलं तर कोटिंग एकाच बाजूला आहे. दोन्ही मंद आणि रंगीत दिसली तरच ती काच आपली. मग पांढऱ्या कागदावर ठेवून रंगाची झाक बघा. शेवटी तुकडा प्रत्यक्ष लेन्ससमोर धरा, काळ्यावर पांढरी अक्षरं लावा आणि काच हळूहळू सरकवा. अक्षरं हलली किंवा वाकली तर काचेत लाट आहे. ही परीक्षा अंधारातच करा, उजेडात सगळ्याच काचा पास होतात.

४. आवाजासाठी जाडी

पेटी नीट बंद होत असेल तर ३-४ मिलिमीटर पुरे. आवाज जास्त असेल तर ६ मिलिमीटर. त्यानेही भागलं नाही तर वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा अंतर ठेवून लावतात, मात्र दोन्ही कोटिंगवाल्या हव्यात. साध्या दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग आणि सुमारे १५ टक्के प्रकाशाची घट. कोणत्याही दोन काचा एकमेकींना समांतरही ठेवू नका. मधल्या पोकळीत सिलिका जेलची पुडी ठेवली की आत दव धरत नाही. पण काठाच्या फटीतून आवाज गळत असेल तर जाड काचेचा उपयोग शून्य. आधी फट बुजवा.

५. कोन द्या

काच ५ अंश कलवली की परावर्तन १० अंश वळतं. १०० मिलिमीटर अंतरावर हे सरकणं फक्त १८ मिलिमीटर, म्हणजे ६० मिलिमीटरच्या लेन्सवरच पडणार. १० अंश कलवली तर ३६ मिलिमीटर, आणि झोताचा मध्य लेन्सच्या काठाबाहेर जातो. कोटिंगवाल्या काचेचं परावर्तन मुळातच कमी, म्हणून तिला ५ ते ७ अंश चालतात, साधीला १० तरी हवेत. झोत खाली जात असेल तर काचेची वरची कड प्रोजेक्टरकडे झुकवा. वर जात असेल तर खालची. कोनामुळे चित्र बिघडेल ही भीती नको: ६ मिलिमीटरची काच १० अंशांत चित्र अर्धा मिलिमीटरही सरकवत नाही.

६. बसवताना

काच चिकटवून टाकू नका. रबरी किंवा फेल्टच्या पट्टीत अडकवा, म्हणजे पुसायला काढता येते. सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून ॲसिडची वाफ निघते. भोकाच्या आतल्या बाजूंना मॅट काळा रंग द्या. गरम हवा समोरून सोडणारा प्रोजेक्टर असेल तर आडवी पट्टी लावून ती बाजूला वळवा, नाहीतर लेन्स आणि काचेमधली तापलेली हवा चित्र थरथरवते. पेटीला थंड हवेची वाट आणि गरम हवेची वाट, दोन्ही वेगळ्या लागतात.

कोटिंगवर बोटांचे ठसे साध्या काचेपेक्षा उठून दिसतात, म्हणून कडेनेच धरा. आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. अमोनियाचा क्लीनर वापरू नका आणि काचेवर थेट फवारू नका. इतक्या जवळची धूळ पडद्यावर ठिपक्यांसारखी दिसत नाही, ती नुसता काळा रंग फिका करते. म्हणून डाग दिसायची वाट न बघता काच अधूनमधून पुसत राहा.